तबकडीची दुसरी बाजू

लग्नसराईतला शनिवार, सकाळी दहा. हजर : मी, नुकतीच अकरावी पास, आमच्या गल्लीतले भोंगेवाले काका, त्यांचं रेकॉर्ड वाजवायचं मशीन, आणि भोंगा हळदीच्या घरावर आधीच बांधून झाल्यामुळे, अख्खं गाव.

तबकडी पुलगावची. बदली झालेलं एक लष्करी कुटुंब सामान विकत होतं. आईने कुकरसाठी पाठवलं होतं. कुकर आधीच विकला गेला होता, म्हणून मी ही विलायती गाण्यांची तबकडी घेतली. आपल्याकडे मशीन नाही हे परतताना एसटीत लक्षात आलं. सावंगीला होस्टेलवर राहणाऱ्या मावसबहिणीच्या टेपवर असलं विलायती संगीत एकदाच ऐकलं होतं. गाणारा चिडलेला, गिटार त्याच्याहून चिडलेली. तेव्हापासून बाकीची गाणी भांग पाडून, पावडर लावून आल्यासारखी वाटत.

काकांनी सुई ठेवली. भोंग्यातून आधी घरघर, मग किंचाळी, मग पत्र्यावरून कोणी नांगर ओढावा तसा आवाज. काकांनी झटकन मशीनचं झाकण काढून एक वायर घट्ट केली. आवाज वाढला.

"काका, राहू द्या. छान चाललंय."

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

तेवढ्यात नवरीचे वडील हळदीने माखलेल्या हातांनी धावत आले. "काऊन गा, मशीन मेली काय? बोलावू काय आर्वीच्या भोंगेवाल्याले?"

काकांचा चेहरा उतरला. सीझनचं पहिलंच लग्न होतं. "मशीन ठणठणीत आहे, भाऊ. गाणंच तसं आहे. विचारा या पोरीले."

"मंग रडून कोण राह्यलं त्यात?"

"रडत नाहीत, गातात," मी म्हटलं.

"मले नोको सांगू. गावाले सांग."

काकांनी माईक माझ्या हातात दिला. मी मुद्देसूद सांगितलं : मशीन चांगलं आहे. बिघाड गाण्यात आहे, आणि तो मुद्दाम केलेला आहे.

नवरीचे वडील समाधानाने परत गेले. लग्नाचं काम काकांकडेच राहिलं. पण तबकडीची दुसरी बाजू लावायला काका तयार होईनात.

"लग्न होऊ दे, मंग लावतो. अन् दुसऱ्या कोणाच्या मशीनवर ऐकू नोको वं पोरी. तिथं बरी वाजली, तं लोकं म्हणतीन, याचीच मशीन खराब होती. घे शपथ."

घेतली. दुसऱ्या दिवशी जेवणावळीत नवरदेवाचे मामा मशीनवर बसले. सुई तुटली.

आता ती बाजू मोबाइलवर मिनिटभरात सापडेल, असं माझी मुलगी मला वारंवार सांगते. पण काका ऐंशीच्या पुढे आहेत, अजून रोज मशीन पुसतात, आणि मी गेले की आधी शपथेची आठवण करून देतात, मग चहा. आजवर तीन सुया नेल्या. एकही बसली नाही. "येजो पुढच्या बारीले," ते म्हणतात.

या महिन्याच्या यादीत सिलिंडर नोंदवला, दळण आणलं, दोन्हींवर काट मारली. खाली अजून तसंच आहे : सुई, जुन्या मापाची.