पाठमोरी हिरोईन

लग्न होऊन मी गिरगावातून वाशीला आले तेव्हा ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं आणि वाशीत दोनच गोष्टी मुबलक होत्या. वारा आणि दुपार. नव्या कोऱ्या इमारतींची रांग, पुढे आखून ठेवलेले रिकामे प्लॉट, त्यात कमरेएवढं गवत, आणि गवत संपलं की खाडी. आमचे हे सकाळी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात जात आणि संध्याकाळी अंगाला रसायनाचा वास घेऊन परत येत. मधली दुपार माझ्या एकटीच्या वाट्याला. मी दिवाण ओढून खिडकीखाली न्यायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीला लावायचे. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा विचारलंच, "तुमच्याकडे रोज पाहुणे असतात का हो? सारखं काहीतरी सरकवल्याचा आवाज येतो."

पाहुणे कुठले! मीच घरभर सरकत असायचे.

माझी पक्की समजूत होती की मी नटी व्हायला जन्मले आणि कुणाच्या तरी हलगर्जीपणामुळे गृहिणी झाले. समजुतीला पुरावा म्हणाल तर आमच्या चाळीच्या गणेशोत्सवातली दोन नाटकं. त्यातल्या एकात मी मोलकरीण होते. पण त्या मोलकरणीच्या एक्झिटला टाळी पडली होती. ती टाळी मी रुखवतासारखी सासरी घेऊन आले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते.

ह्यांचे एक मित्र कॉलेजात मराठी शिकवायचे. मी त्यांना भावजी म्हणायचे. खांद्याला शबनम, त्यात चुरगळलेले कागद, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या मागच्या भिंतीकडे बघायची सवय. तिथे जणू सिनेमा चालू आहे. त्यांनी एका नामांकित नाटकवाल्या घराण्यावर अर्ध्या तासाची फिल्म करायला घेतली. त्या घराण्याची स्वतःची संगीत नाटक कंपनी होती. बायका रंगभूमीवर येत नसत तो काळ, त्यामुळे घराण्यातले थोरले कर्तेच नायिकेचं काम करायचे. त्यांचं नऊवारीतलं चालणं एवढं गाजलं होतं म्हणे, की चांगल्या घरच्या लेकीसुना नाटक बघून आल्यावर माजघरात तसं चालून बघायच्या. म्हणजे आधी त्यांनी बायकांचं उचललं आणि मग बायकांनी त्यांचं उचललं.

त्या नटाची शेवटची लेक, आक्का, म्हातारपणी आपल्या भाच्याकडे आमच्याच शेजारच्या इमारतीत राहायला आली होती. म्हणून तर भावजींच्या आमच्याकडे खेपा वाढल्या. आक्कांनी फिल्मला परवानगी दिली, पण एक अट घालून. "मास्तर, बाबांना देव करू नका. देवाला घाम येत नाही. बाबांना फार घाम यायचा."

भावजींनी मान डोलावली. ते भिंतीकडेच बघत होते.

फिल्ममधला मुख्य प्रसंग सगळ्यांना सांगूनसांगून त्यांनी पाठ करून टाकला होता. कंपनी गलबतातून एका बंदरावर चालली होती. ओहोटी लागली, गलबत चिखलात रुतलं. तिकडे मंडपात लोक ताटकळलेले. मग या नटाने गलबतातच शालू नेसला, गलबतातच रंग लावला आणि तसाच चिखलात उतरून मंडपाकडे चालू लागला. अख्खं बंदर मागोमाग. मंडपाच्या दाराशी पोचल्यावर त्याने एकदाच, लाजून, मागे वळून पाहिलं. "आणि ते एक लाजणं," भावजी आवाज खाली आणत म्हणायचे, "लोकांनी पुढे पन्नास वर्षं सांगितलं."

मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि म्हटलं, "भावजी, हे काम मी करते."

"वहिनी, पुरुषाचं काम आहे."

"पण तो पुरुष बाईचं काम करतोय ना? मी बाई आहेच. अर्धं काम झालेलंच आहे."

"तोच तर प्रॉब्लेम आहे. तुम्ही बाई आहात."

यावर मी रुसून आत गेले आणि कुणी समजूत काढायला येत नाही हे बघून थोड्या वेळाने बाहेर आले. तेव्हा हे भावजींना सांगत होते, "घे रे तिला कशात तरी. नाहीतर आमचा दिवाण मोडेल."

नायक म्हणून भावजींनी एका बँकेतला कारकून निवडला होता. चेहरा खरंच देखणा, गोरा, मोठ्या डोळ्यांचा. बिचाऱ्याने कलेसाठी मिशीही काढली. पण नऊवारी नेसवून त्याला आक्कांच्या इमारतीच्या गच्चीवर चालवून बघितलं, तर तो सुटलेली बस पकडायला निघाल्यासारखा चालला. काष्टा सुटला, तो त्याने पँट सावरावी तसा दोन्ही हातांनी वर ओढला. आक्का खुर्चीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "मास्तर, याला कुठे पोचायचंय?"

असं तीन-चार दुपारी चाललं. मी रोज तिथे उभी. शेवटी मला राहवेना. मी पदर खोचला आणि त्याच्या शेजारून चालत गेले, सहज गेल्यासारखी, म्हणजे अजिबात सहज नाही. आक्कांनी काठी आपटली. "पोरी, तू पायांनी चालतेस. पदराने चालायचं. पाय आपोआप मागून येतात." पण त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं आणि भावजींनी ते भिंतीकडे न बघता बघितलं.

असं ठरलं, की चालणं माझं, पाठमोरं. वळणं नायकाचं, ते मागाहून घेऊ. माझ्या वाट्याला पाठ आली.

आता कुणी शहाणी असती तर घरी बसली असती. मी मात्र रात्रंदिवस एकच विचार करत होते. मला पडद्यावर चेहरा हवा होता. एवढासा का होईना, पण माझा, आणि तो गिरगावातल्या त्या टाळी वाजवणाऱ्यांनी बघायला हवा होता. आजकाल माझी नात दिवसभर मोबाईलवर स्वतःचे फोटो काढत असते. तिची आई ओरडते. मी ओरडत नाही. कुठल्या तोंडाने ओरडू?

शूटिंग दिवाळे गावात ठेवलं, बेलापूरच्या खाडीकाठी. ओहोटीला होड्या चिखलात बसतात, आम्हाला तेच हवं होतं. पण जुना काळ उभा करायचा तर नवा काळ सारखा मध्ये येत होता. काठावर कापडाचा मंडप उभारला, तर मागे विजेचा खांब आला, म्हणून त्याला झावळ्या बांधल्या. निळी नायलॉनची जाळी दिसली, ती हलवली. भावजी एका कोळणीकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, "मावशी, तेवढी प्लास्टिकची बादली उचलाल का?" ती म्हणाली, "का रं, तुझ्या टायमाला मासली हवेत ठेवाची काय?" तरी तिने बादली उचलली, आणि वाळत घातलेल्या बोंबलांच्या आडोशाला मैत्रिणींना घेऊन बसली. तमाशा फुकटचा होता.

होडीत मला शालू नेसवला, खोपा घातला, वर गजरा. माझी जिद्द अशी, की चेहऱ्यालाही मी पूर्ण रंग लावून घेतला. काजळ, लाली, नथ. भावजी म्हणाले, "वहिनी, चेहरा दिसणार नाहीये." मी म्हटलं, "भूमिकेत शिरायला लागतं, भावजी."

चिखलात पाय टाकला तो पोटरीपर्यंत आत गेला. पदराने चालायचं एवढंच आठवत मी निघाले. मागून कोळणीचा आवाज, "गो बाय! त्वांड नाय दाखवाचा त एवरी पावडर कशाला लावली?" आणि बाकीच्या खिदळल्या.

मंडपाच्या दाराशी पोचले आणि वळले.

"कट! वहिनी, वळायचं नाहीये!"

"सवयीनं वळले हो." सवय कसली, कुणाची!

दुसऱ्यांदाही वळले. या वेळी म्हटलं, काहीतरी चावलं. तोवर पाणी परत चढायला लागलं होतं. होडी हलायला लागली. भावजी चिखल तुडवत माझ्यापर्यंत आले, चष्म्यावर चिखलाचे थेंब. "वहिनी, एवढंच रीळ उरलंय. पुढची ओहोटी होईतो ऊन जाईल. पाया पडतो, वळू नका."

"नाही वळणार," मी म्हटलं, आणि तेव्हा ते अगदी खरं होतं.

तिसऱ्यांदा मी चांगली चालले. स्वतःची थट्टा करायला बसले आहे म्हणून ते लपवत नाही, चांगलीच चालले. पाय आपोआप मागून आले. पण मंडपापाशी पोचले आणि लक्षात आलं, मागे एकदम सामसूम आहे. हसणं नाही, खिदळणं नाही, कोळणीही गप्प. बघताहेत की गेल्या? जेवायची वेळ झाली होती. गेल्या असतील तर? पाठीला डोळे असते तर मी वळले नसते.

वळले.

कुणी गेलं नव्हतं. सगळ्या बघत होत्या, बादली तशीच हातात. भावजी मात्र एका उलट्या घातलेल्या होडीवर मटकन बसले. कॅमेरावाला म्हणाला, "रीळ संपलं."

मला त्यांची दया यायला हवी होती. मी मनात हिशेब केला : रीळ नाही, म्हणजे पुन्हा शूटिंग नाही. दुसरं काही नाही, म्हणजे जे आहे तेच ठेवणार. म्हणजे मी आहे!

फिल्म तयार व्हायला कित्येक महिने लागले. तेवढ्यात मी सगळ्या इमारतीला सांगितलं, गिरगावात पत्रं घातली, भाजीवाल्यालाही सांगितलं. हे म्हणाले, "जरा बेताने. तुझे भावजी कापतात म्हणे फिल्म." मी म्हटलं, "कापून लावतील काय? पडदा कोरा ठेवतील?"

खेळ वाशीतल्या समाजमंदिरात होता. लोखंडी घडीच्या खुर्च्या, भिंतीवर चादर, मध्ये खडखडणारा प्रोजेक्टर. मी नवी साडी नेसून पहिल्या रांगेत. शेजारी आक्का, दोन्ही हात काठीवर. दिवे गेले. जुने फोटो, तबल्याचा ठेका, भावजींचा जड आवाज. मग दिवाळ्याची खाडी, होडी, चिखल, आणि मी. पाठ. काय पाठ होती! मागून काकू म्हणाल्या, "तुम्ही कधी येणार?" मी म्हटलं, "श्शू, आलेच."

मंडपाचं दार आलं. माझी मान वळायला लागली. खोपा हलला, गाल दिसतो न दिसतो तोच चित्र बदललं आणि पडदाभर नायकाचा चेहरा आला. गुळगुळीत, पापण्या खाली, ओठांत लाजरं हसू, अगदी कॅलेंडरवरच्या देवीसारखा. ते भावजींनी मागाहून, उसनं रीळ आणून, त्याच्या घराच्या गच्चीवर घेतलं होतं. मागचं आकाश म्हणजे निळी चादर होती. एका कोपऱ्यात सुरकुती दिसत होती.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी पुन्हा विचारलं, "पण तुम्ही कुठे होतात?"

"ती पाठ माझी," मी म्हटलं.

पुढे कित्येक वर्षं आमच्या इमारतीत मला मागून हाक मारायची असली की म्हणत, "अहो हिरोईन!"

दिवे लागले. चहा-बटाटेवड्यांचा वास आला तशी निम्मी माणसं उठून दाराबाहेरच्या टेबलाकडे गेली. नायकाभोवती घोळका. भावजी आक्कांसमोर येऊन वाकले. "आक्का, कशी वाटली?"

आक्कांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. मला विचारलं, "तू वळली होतीस का गं तिकडे? मान हलली तुझी."

आता मेले, म्हटलं. "वळले होते आक्का. नको म्हणत होते तरी वळले."

"लाजून?"

"छे हो. मागे एकदम गप्प झाले सगळे. म्हटलं, उठून गेले की काय."

आक्का हसायला लागल्या. म्हाताऱ्या माणसाचं खोकल्यासारखं हसू, थांबेचना. मग भावजींना म्हणाल्या, "मास्तर, बाबा कधी आयुष्यात लाजले नाहीत. आई लाजायची. बाबा प्रत्येक एक्झिटला वळायचे, ते गर्दी किती आहे बघायला. त्या बंदरावरही तेच. रात्री जेवताना आईला सांगितलंन, डाव्या बाजूला विरळ होती म्हणून. घास जात नव्हता घशाखाली. आणि हिने नेमकं तेच केलं तर तुम्ही कापलंत?"

"आक्का, चेहरा वहिनींचा होता..."

"चेहऱ्याचं काय मेलं! देव करू नका म्हटलं होतं, तुम्ही देवी केलीत."

मग आक्कांनी काठीने दाराकडे दाखवलं. "पोरी, ऊठ. दारापर्यंत जा."

"आता? इथे?"

"नाटकवाल्यांच्या पोरीसमोर नखरे नकोत. चल."

मी उठले. पाचवारी साडीत, घडीच्या खुर्च्यांमधून, पदराने चालत दारापर्यंत गेले. कुणाचं लक्ष होतं, कुणाचं नव्हतं. हे दारापाशी उभे होते, वडा अर्धा तोंडात आणि अर्धा बाहेर. मागे आवाज कमी झाल्यासारखा वाटला, की मलाच तसा वाटला? मी वळले, आणि आधी डावीकडे पाहिलं.

"किती आहेत गं?" तिकडून आक्कांनी ओरडून विचारलं.

"निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आक्का!"

आक्कांनी काठी जमिनीवर आपटली आणि भावजींना म्हणाल्या, "बघा. असे दिसायचे बाबा."