दगडूमामांचे नवे बूट

गावाबाहेरच्या गवती धावपट्टीवर परवा डॉक्टरांचं मायक्रोलाइट उलटलं. मायक्रोलाइट म्हणजे स्कूटरला पंख लावल्यासारखं, दोन माणसांपुरतं विमान. उतरताना पुढचं चाक घुशीच्या बिळात गेलं, पंख मोडला आणि डॉक्टरांचा हात गळ्यात आला. थोडक्यात निभावलं.

बीळ आधी कुणाला दिसलं कसं नाही, असं सगळे विचारत होते. मी रोज सकाळी तिथे फिरायला जातो, म्हणून सांगतो, गवतातलं बीळ दिसतच नाही. पट्टी राखणारे दगडूमामा कित्येक वर्षं सकाळी तिच्यावरून अनवाणी चालत. तळव्याखाली जमीन जरा दबली की थांबत, मुरूम भरत आणि धुम्मसाने चोपत. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी त्यांना जाड तळाचे बूट आणून दिले. "काटे मोडतात हो तुमच्या पायात," म्हणाले. मामांनी ते कौतुकाने घातले, आणि पट्टीवरून तसेच चालले.

दुसऱ्याच्या पायातले काटे आपल्याला पटकन दिसतात. त्या पायांना काय काय कळतं, हे विचारायचं मात्र राहून जातं. मीही विचारलं नव्हतं. उलट बूट छान दिसतात म्हणालो होतो.

आज सकाळी डॉक्टर मोडका पंख बघायला आले. मामा पट्टीच्या मधोमध होते, अनवाणी.

"मामा, बूट कुठे गेले?"

मामांनी डॉक्टरांच्या गळ्यातल्या हाताकडे पाहिलं.

"चावतात, साहेब," ते म्हणाले, आणि पुढचं पाऊल सावकाश टेकवलं.