काच आतल्या बाजूला

आमच्या घरात दोन गोष्टींना हात लावायची मुभा नव्हती, देव्हारा आणि आबांचं घड्याळ. देव्हाऱ्याला निदान आईचा हात लागे. घड्याळ सोन्याचं, स्विस बनावटीचं. सत्तेचाळीस साली पलटणीतला एक गोरा साहेब मायदेशी जाताना ते माझ्या वडलांना, म्हणजे आबांना, देऊन गेला होता. इंग्रजांनी दीडशे वर्षांत इथून जे काही नेलं त्याची भरपाई या एका घड्याळात झाली, अशी आबांची एकूण समजूत होती. सुभेदार म्हणून पेन्शनीत निघाल्यावर ते साखर कारखान्यात टाइमकीपर म्हणून लागले आणि गावात भेटेल त्याला सांगत राहिले, "पंचवीस वर्सं झाली, याला पेचकस लागू दिला न्हाई."

घड्याळ ते फौजी रीतीनं घालत, म्हणजे काच मनगटाच्या आतल्या बाजूला. काचेच्या चकाकीवर शत्रूची नजर जाऊ नये म्हणून ही खबरदारी. कृष्णाकाठच्या आमच्या गावावर शत्रू चालून आल्याचं मला तरी आठवत नाही, पण रीत ती रीत.

मला साताऱ्यात सरकारी कचेरीत कारकुनी लागली तेव्हा आबांनी ते घड्याळ आपल्या हातानं माझ्या मनगटावर बांधलं, अर्थात काच आत करून. सोबत एक मानही आला. गावच्या जत्रेच्या दिवशी आबा आणि त्यांचे जुने फौजी सोबती पारावर रेडिओ लावून बसत. संध्याकाळच्या बातम्यांआधी वेळेची टुकटुक वाजली की आबा घड्याळ काढून सगळ्यांपुढे ठेवत आणि ते सेकंदाला बरोबर निघे. आता घड्याळ माझं, म्हणजे ते पुढे ठेवायचं कामही माझं. दोन जत्रा निभावल्या.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्या वर्षी, जत्रेला तीन महिने असताना, घड्याळ बंद पडायला लागलं. सकाळी चावी दिली की घरी नीट चाले, कचेरीत साडेअकराच्या सुमारास थांबे आणि संध्याकाळी मी घराकडे निघालो की आपोआप सुरू होई. रविवारी तर एकदाही थांबत नसे. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, सरकारी नोकरीत घड्याळसुद्धा कामाच्या वेळेत काम करीनासं झालं. सगळे हसले, मीही हसलो. आतून मात्र मी घाबरलो होतो. लढाई पाहिलेलं घड्याळ माझ्या कारकुनीत दोन वर्षांत दमलं, हे आबांना मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

मी साताऱ्यातल्या सगळ्यांत प्रतिष्ठित दुकानात गेलो. काचेची कपाटं, गिऱ्हाइकाला गादीची खुर्ची, आणि मागे तांबडा मखमली पडदा. मी साडेअकरापासून रविवारपर्यंतची सगळी हकीकत मालकांना सांगितली. त्यांनी ती डोळे मिटून ऐकली आणि बोटभर चिठ्ठीवर लिहिलं, "बंद पडते." चिठ्ठी दोऱ्यानं घड्याळाला बांधली. मी म्हटलं, कारागिराशी दोन शब्द बोलता आलं तर बरं होईल. मालकांनी पडद्याकडे नजर टाकून आवाज खाली आणला. कारागीर आत असतात, काम नाजूक, बोलण्यानं त्यांची एकाग्रता मोडते. मीही लगेच कुजबुजत बोलू लागलो.

पंधरा दिवसांनी घड्याळ परत आलं. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं, "चालू आहे." दुसऱ्या दिवशी साडेअकराला ते थांबलं. मग नवी चिठ्ठी गेली, "पुन्हा बंद पडते," आणि उत्तर आलं, "पुन्हा चालू आहे." मी कारकून माणूस, ही आवक-जावक मला पहिल्याच दिवशी ओळखू यायला हवी होती. सबंध तालुक्याच्या तक्रारी आम्ही याच पद्धतीनं निकालात काढत होतो. पण स्वतःची तक्रार म्हणजे तक्रार आणि दुसऱ्याची म्हणजे कागद, असंच मलाही वाटत आलं होतं.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा जत्रेला आठ दिवस उरले होते. मालकांनी नवा टेबलफॅन घेतला होता. तो फिरता फिरता मागे वळला आणि पडदा उडाला. आत एक घडवंची होती आणि तिच्यावर पाण्याचा माठ. कारागीर नव्हते, त्यांना बसायला जागाही नव्हती. दोन-अडीच महिने मी एका माठाची एकाग्रता मोडू नये म्हणून कुजबुजत होतो.

मालक मुळीच ओशाळले नाहीत. कारागीर सांगलीला असतात म्हणाले, दर बुधवारी एसटीनं पिशवी जाते. मी पत्ता मागितला तर त्यांनी मलाच सुनावलं की गिऱ्हाइकानं थेट कारागिराला गाठायची पद्धत नाही, मध्ये दुकान असतं ते उगाच नाही. बुधवारची पिशवी टेबलावरच पडली होती आणि तिच्यावर शाईनं पत्ता लिहिलेला होता. समोरच्याच्या टेबलावरचा कागद उलटा वाचणं ही कारकुनाची जन्माची विद्या आहे. मी घड्याळ उचललं आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून सांगलीची एसटी धरली.

गणपती पेठेजवळच्या एका बोळात, जिन्याखाली, एक म्हातारे घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसले होते. मी घड्याळ पुढे केलं. त्यांनी भिंग काढलं आणि घड्याळाकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिले.

"काम काय करता तुमी?"

मी कारकून असल्याचं सांगितलं. मला वाटलं, आता सोन्याच्या घड्याळाचा आणि कारकुनाचा संबंध काय म्हणून पोलिसी चौकशी होणार. पण त्यांनी मला घड्याळ घालायला लावलं, एक जुनं वर्तमानपत्र आणि पेन्सिल दिली आणि रोज लिहितो तसं लिहून दाखवायला सांगितलं. मी उजव्या हातानं लिहू लागलो. डावा हात सवयीनं कागद दाबून बसला, मनगट टेबलाच्या कडेवर. म्हाताऱ्यांनी त्या मनगटावर बोट ठेवलं.

"हितं दुकतंय त्याचं."

काच आत, मनगट टेबलावर, त्यामुळे दिवसभर सगळा भार काचेवर. ती जुनी काच, नावालाच काच पण प्लॅस्टिकची, मऊ झाली होती, दाबली की केसभर खाली जाई आणि सेकंदकाट्याला अडवी. भार सुटला की काटा मोकळा.

"माज्याकडं येतं तवा मखमलीवर पडलेलं आस्तंय," ते म्हणाले. "मखमलीवर कोण लिवत बसतंय? आन चिठ्ठीवर निस्तं बंद पडते. कवा, कुटं, कुणाच्या हातात, कायबी न्हाई."

अडीच महिन्यांची माझी झोप उडवणारा रोग पाच मिनिटांत आणि एका पेन्सिलीत सापडला. मी घड्याळजींचे आभार मानत होतो, तेवढ्यात त्यांनी नवी काच शोधता शोधता विचारलं, "सुभेदार हायत न्हवं? घड्याळ दुकानाच्या पिशवीतनं आलं, तवा मला वाटलं गेले का काय."

तुम्ही आबांना कसं ओळखता, असं मी विचारलं. त्यांनी घड्याळाचं मागचं झाकण उघडलं, भिंग माझ्या डोळ्याला लावलं आणि झाकणाची आतली बाजू दाखवली. तिथे सुईनं कोरलेल्या बारीक खुणा होत्या, एकीखाली एक, शेजारी सालं. घड्याळ उघडलं की घड्याळजी आत आपली खूण करून ठेवतो. मी मोजल्या, अकरा होत्या. मालकांच्या पिशवीतून आलेल्या दोन सोडल्या तरी नऊ उरत होत्या, आणि सगळ्या एकाच घडणीच्या, याच म्हाताऱ्यांच्या हातच्या.

दोन-तीन वर्षांनी एकदा आबांचं पेन्शनचं काम सांगलीला निघे आणि ते एकटेच जात, हे मला तेव्हा आठवलं. मला संताप आला. या माणसाच्या बढाईपायी मी तीन महिने चोरासारखा वावरलो होतो. मी घड्याळजींना म्हटलं, आबा तर म्हणतात पेचकस लागला नाही. ते नवी काच बसवत म्हणाले, "त्यांनी मला बोलू नका म्हणून सांगितलंय. तुमीबी बोलू नका. आन आता काच वर करून घालत जावा."

मी काच वर करून घातली आणि घड्याळ पुन्हा कधी थांबलं नाही.

जत्रेच्या संध्याकाळी पारावर रेडिओ लागला. टुकटुक वाजली, मी घड्याळ काढून ठेवलं, सेकंदकाटा नेमका बारावर. म्हातारे फौजी माना डोलवू लागले. आबांनी छाती काढली आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "पेचकस लागू दिला न्हाईस न्हवं?" खुणा मोजलेला मी, बोलायला काय हरकत होती? पण त्यांच्या डोळ्यांत मला पहिल्यांदाच धाकधूक दिसली.

"न्हाई आबा," मी म्हटलं.

जत्रा उरकून आम्ही दोघे घरी निघालो. ओढ्याजवळ आलो तेव्हा मागं-पुढं कुणी नाही ना हे बघून त्यांनी माझं मनगट धरलं आणि वर केलेल्या काचेवर अंगठा फिरवला.

"त्या म्हाताऱ्यानं तुलाबी सांगितलं व्हय रं? कारखान्यात मीबी आसंच घालत हुतो. टेबलाचं काम." मग मनगट सोडून पुढे चालायला लागत म्हणाले, "पर गावात आलास की आत घालत जा. मानसं बगत्यात."

मी तिथेच थांबलो आणि पट्टा फिरवून काच आत केली.