कारकुनाची कातर

धारच्या दरबारी कचेरीतली माझी जागा मोडली तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती. देवासहून बायकोच्या धाकट्या भावाचा निरोप आला, ताईला आणि मुलांना कायमचे इकडे पाठवा. मी निक्षून नाही म्हटले आणि बाजारातल्या बोहरी पत्रेवाल्याकडे काम शिकायला गेलो. रॉकेलच्या रिकाम्या डब्यांतून तो चिमण्या, चाळण्या, बादल्या करी. दिवाळीपर्यंत हात बसला तर कामावर ठेवीन, असे त्याने कबूल केले. भाऊबंद हसले. हसोत बापडे, त्यांच्या हसण्यावर माझी चूल थोडीच पेटणार होती!

लाकडी मोगरीच्या ठोक्यांच्या आवाजावरून पत्रा कुठे फुगला ते ओळखायचे, कथलाचा डाख द्यायचे लोखंड गालाजवळ नेऊन त्याचा ताव जोखायचा, हे मला जमले. गाल एकदा भाजला, तोही बरा झाला. जमेना ते कापणे. पत्र्यावर आकार आखला की रेघेच्या बाहेर करंगळीच्या नखाएवढी कड सोडून कापायचे असते. ती कड दुमडूनच सांधा होतो. मी नेमका रेघेवर कापी. उभा जन्म मोडी लिहिण्यात गेलेला. मोडीत आधी रेघ ओढायची आणि अक्षरे तिला लटकवायची. रेघ सुटली की शिरस्तेदार कागद तोंडावर फेकी. बाहेर, बाहेर, असे घोकत कातर चालवायचो, तरी ती रेघेवर चढायचीच. चांगला पत्रा भंगारात जाई. मला माझ्याच हाताची चीड येई.

दसरा झाल्यावर बोहऱ्याने कोरा पत्रा पुढे टाकला आणि बादली करायला सांगितली. मी कापले. त्याने पाहिले आणि कातर माझ्या हातातून हळूच काढून घेतली.

"भिया, कान है, हाथ है, सबर भी है," तो म्हणाला. "पर तुम लकीर से डरो हो. इस उमर में ये डर नी जाए."

भांडावे असे फार वाटले. पण माणूस खरे बोलत होता.

घरी आलो तर पडवीत गाठोडी बांधलेली. मी अजून तोंडही उघडले नव्हते. देवासला जायची बैलांची दमणीसुद्धा बायकोनेच सांगून ठेवली होती. मला रागही आला नाही, इतका मी संपलो होतो.

ती खाली बघून म्हणाली, "इकडचं एक उपरणं चुकून मुलांच्या कपड्यांत आलं होतं. ते काढून खुंटीला लावलंय."