मी लिहून दिलेली वेळ

सारिकाचा फोन आला तेव्हा मी महाडच्या घरी अकरावीच्या वह्या तपासत बसले होते. संध्याकाळचे सहा वाजायला आले होते. बाहेर पाऊस असा नव्हताच, नुसतं कोंदट. "मावशी, आई तुझ्याकडं आलीय काय?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. "मग… धोंडूकाका म्हणतायत, वहाळाला पाणी आलं तेव्हा ती मधी होती." आजवर कुणाला सांगितलं नाही ते इथे लिहिते. त्या क्षणी मला कमल, सारिकाची आई आणि माझी चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण, आठवली नाही. मला कागद आठवला. शाळेच्या भिंतीवर खळीने चिकटवलेला, माझ्या अक्षरातला कागद. आणि मी घाबरले. तिच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी.

कमल आणि मी पोलादपूरच्या हायस्कूलमध्ये पाचवीपासून एका बाकावर बसलो. माझं माहेर खाली खोऱ्यात, भातशेतीचं. तिचं घर वर डोंगरावरच्या वाडीत, जिथे लोक म्हशी पाळतात आणि उतारावर नाचणी-वरी करतात. पावसाळ्यात ती निथळत यायची आणि आमच्या पडवीत कपडे बदलायची. तिचा एक कोरडा गणवेश कायम आमच्या दांडीवर असायचा. दहावीनंतर ती लग्न होऊन शेजारच्याच वाडीत गेली. नवरा मुंबईत वॉचमन, शिमग्याला आणि गणपतीला येणारा. ती खालच्या गावात अंगणवाडी सेविका झाली. मी शिकत राहिले, महाडला मानसशास्त्र शिकवू लागले आणि हळूहळू शिक्षकांच्या शिबिरांत, बचत गटांच्या मेळाव्यांत व्याख्यानं द्यायलाही लागले. ताण कसा हाताळावा, वेळेचं नियोजन कसं करावं… माझा हातखंडा विषय. एकदा कमल मागच्या रांगेत बसून सगळं ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "बोलतेस छान गो शैले. पण तू सांगतेस त्या बाईला सासू नाय, म्हशी नायत, आणि वर हातात घड्याळ हाय." मी खूप हसले. पुढच्या व्याख्यानात तेच वाक्य विनोद म्हणून वापरलंही. लोक तिथेही हसले.

वर्गात मी मुलांना सहानुभूती आणि समानुभूती यांतला फरक शिकवते. व्याख्या फळ्यावर लिहिते, दोन गुणांचा प्रश्न असतो. त्या व्याख्येचं हाडामांसाचं उदाहरण मला ठाऊक होतं, पण ते मी कधी वर्गात सांगितलं नाही. महाडात तो मोठा पूर आला तेव्हा आमच्या घराचा खालचा मजला बुडाला होता. पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मी जिन्यात बसले होते. गुडघाभर चिखल समोर, हातात फावडं, आणि हात हलत नव्हते. दारात कमल उभी. रस्ता तुटलेला, म्हणून अर्धी वाट चालत आलेली, डोक्यावर नाचणीच्या भाकऱ्यांचं गाठोडं. तिने "कशी आहेस" विचारलं नाही. "धीर धर" म्हणाली नाही. शेजारी बसून भाकरीचा तुकडा माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि फावडं घेतलं. चार दिवस राहिली. मी बोलले तेव्हा ऐकलं, रडले तेव्हा चिखल ओढत राहिली. जाताना मी विचारलं, "तुमच्याकडे सगळं ठीक ना?" तर म्हणाली, "हाय ते हाय." तिच्या घरामागे जमिनीला लांब भेग पडली होती, हे मला दोन महिन्यांनी दुसऱ्याच कुणाकडून कळलं. मी तिला विचारलं होतं खरं, पण दारात उभी राहून, तिच्या चपला पुढे सरकवत… उत्तर ऐकायला थांबायचं नसतं तसं.

दरड कोसळून तळीये गाव गेलं त्यानंतर आमच्याकडे डोंगरावरच्या वाड्यांचा पावसाळा बदलला. जोराचा पाऊस सुरू झाला की नोटीस येते आणि माणसं खालच्या गावातल्या शाळेत येऊन राहतात. माणसं येतात, पण म्हशी कुठे आणणार? त्या वरच गोठ्यात बांधलेल्या. म्हणून रोज घरटी एक माणूस मधला वहाळ, डोंगरातून येणारा ओढा, ओलांडून वर चढतं, दूध काढतं, वैरण टाकतं, खाली येतं. ज्या डोंगराच्या भीतीने घर सोडलं त्याच डोंगरावर रोज जायचं. कमलच्या घरातून कमलच जायची. उजाडताच निघायची, नऊपर्यंत अंगणवाडीत हजर. यंदा तिचं काही ठीक नव्हतं. आषाढातल्या एका रविवारी ती माझ्याकडे आली, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "शैले, मला भ्या वाटतंय गो. वर गेले की जमिनीला कान लावते. येड्यासारखी. खाली आले की झोप नाय. डोळा लागला की म्हशी हंबरतात आणि कुणी सोडवाय नाय, असं दिसतं." चाळीस वर्षांत ती पहिल्यांदा माझ्याकडे काही घेऊन आली होती. मग खाली बघत तिने विचारलं, "तुझ्या माहेरचा गोठा रिकामाच हाय ना? पावसापुरत्या बांधू काय दोन म्हशी?"

गोठा रिकामा होता. आईबाबा गेल्यावर ते घर मी आणि मुंबईचा दादा सुट्टीपुरतं वापरतो. त्याच उन्हाळ्यात मी गोठ्याला आतून चुना लावून घेतला होता, खाली लाद्या बसवल्या होत्या. पाहुण्यांसाठी खोली करायची होती. मला त्या लाद्यांवर शेण दिसलं. मी म्हटलं, "बघते हं. दादाला विचारते." आणि ते वाक्य हवेत राहू नये म्हणून, तिने परत विचारू नये म्हणून, मी उठून कोरा कागद आणि स्केचपेनं आणली. हेच ते. मी तिला नाही म्हणायला घाबरले, म्हणून तिला सल्ला दिला. तिच्या दिवसाचे रकाने पाडले. सकाळी साडेसहापर्यंत झोप, हे लाल अक्षरांत. मग दीर्घ श्वसन, अंगणवाडी, जेवण, विश्रांती. दुपारी तीन ते साडेपाच, गोठा. पहाटे उठून वर पळणं हेच तुझ्या ताणाचं मूळ आहे, असं मी तिला अगदी अधिकाराने सांगितलं. ती कागदाकडे बघत राहिली. "दुपारच्या पाण्याचा भरवसा नाय गो," ती म्हणाली. "वरच्या अंगाला भरून येतं, खाली कळत नाय." मी म्हटलं, "आधी हे नकारात्मक विचार थांबव. तीन आठवडे कर आणि रोज खूण कर. मग मला दाखव." तिने मान डोलावली, शाळेतल्या भिंतीवर लावते म्हणाली. मी शिकलेली होते ना.

पुढचं धोंडूकाकांनी सांगितलं. ते अलीकडच्या काठाला गुरं वळत होते. पाच वाजून गेले होते, कमल दुधाची किटली घेऊन पलीकडून उतरली. पाणी वाढायला लागलं होतं. त्यांनी ओरडून सांगितलं, थांब, घटकाभरात उतरेल. तर ती म्हणाली, "साडेपाचला पोचायचं हाय, काका." ते मला म्हणाले, "कसली घाई होती कोण जाणे. कधी घाई करणारी बाय नव्हती ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खूप खाली, बांधाला अडकलेली सापडली. मी शाळेत पोचले तेव्हा बायका बाहेर व्हरांड्यात होत्या आणि आतली खोली रिकामी होती. कमलच्या कुटुंबाच्या कोपऱ्यात वळकट्या, एक ट्रंक, आणि वर भिंतीवर माझा कागद. एकोणीस खुणा होत्या. प्रत्येक खूण नीट, रकान्याच्या मधोमध, शाळेत शुद्धलेखन काढायची तशी. मी दार लोटलं, नखाने कागदाचं टोक सोडवलं, खळ पावसाळी हवेने ओलसर होती म्हणून तो अख्खा निघाला. घडी करून पर्समध्ये टाकला आणि बाहेर येऊन बायकांमध्ये बसून रडले. रडणं खरं होतं. पर्स मात्र मी काखेत घट्ट धरली होती.

त्यानंतरचे आठवडे… भीतीला मी आजवर नेहमी व्याख्या दिली होती, लक्षणं दिली होती. आता ती माझ्या घरात राहायला आली. फोन वाजला की वाटायचं, सारिकाच, आता विचारणार. दारातून कुणी हाक मारली की मी आधी पर्स शोधायची. दुपारी तीनच्या सुमाराला वर्गात असले तरी वाक्य अर्धवट राहायचं. मुलं वाट बघायची. कमलच्या तेराव्याला दादा मुंबईहून आला होता. जेवताना मी सहज म्हटल्यासारखं दाखवून सांगितलं की तिने गोठा मागितला होता. त्याचा घास हातातच राहिला. "मग फोन का नाही केलास? गोठा काय, पडवी दिली असती. ती आपल्याच घरात वाढली ना?" मी म्हटलं, राहून गेलं. त्याने पुढे विचारलं नाही. नंतर मला वाटलं, त्याने रागवायला हवं होतं.

गौरी-गणपतीनंतर पाऊस ओसरला, वाडीतले लोक परत वर गेले. एका शनिवारी सकाळी मी पोलादपूरहून वाडीकडे निघाले. कागद पर्समध्ये होता. वहाळाला घोट्याएवढं पाणी होतं, तेही मी दगडादगडाने पाय चाचपत ओलांडलं. कमलची सासू ओटीवर चवळीच्या शेंगा सोलत होती. सारिका आत होती, आवाज ऐकून बाहेर आली. म्हातारीने माझ्याकडे पाहून सूप थोडं सरकवलं आणि म्हणाली, "ये बाय. दम लागला काय? वाडी काय उतरून खाली येत नाय कुणाला भेटाय." मी बसले. पाणी प्याले. मग कागद काढून सुपाशेजारी ठेवला आणि सगळं सांगितलं. वेळ मी लिहिली होती, तिने दुपारच्या पाण्याचं सांगितलं होतं तरी बदलली नव्हती, आणि कागद मीच काढून नेला. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता.

सारिकाने कागद उचलला नाही. "माहीत हाय मला," ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळी कागद होता, तू येऊन गेलीस आणि नव्हता. भिंतीला खळीचे चार ठिपके राहिलेत, जाऊन बघ. मी वाट बघत होते तू कधी येतेस. मग वाटलं, नाय येणार."

म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिने कागदावरून एकदा बोट फिरवलं, रंगांवरून, आणि बाजूला केला. "कागदाचं र्‍हाऊ दे. ती तुझ्याकडं गोठा मागाय गेलती. सांगून गेलती मला. तू नाय म्हणालीस काय?"

"नाही म्हणाले नाही, काकी. बघते म्हणाले."

तिने सोललेले दाणे सुपात टाकले. "नाय म्हणाली असतीस तर बरं होतं गो," ती म्हणाली. "तिनं दुसऱ्या कुणाला तरी विचारलं असतं. मी सांगत होते, खालच्या पाटलाला विचार. तर म्हणे, शैलानं बघते म्हटलंय, तिला काय वाटेल."

मी इतकी पुस्तकं वाचली. मैत्रीत काय बोलावं, कसं ऐकावं, यावर इतके तास बोलले. पण नकारसुद्धा एखाद्याला आधार होऊ शकतो, हे मला त्या ओटीवर कळलं. तिला मोकळं करायला एक शब्द पुरला असता. मी तो अडवून धरला, आणि ती माझ्या शब्दावर थांबून राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिथे रडायचा मला हक्क नव्हता, हेही कळत होतं. मी म्हटलं, पुढच्या पावसाला गोठा मोकळा आहे. म्हातारी म्हणाली, "म्हशी घाटावर दिल्या तिच्या बापानं," आणि सारिकाकडे हनुवटीने खूण केली. "आता काय बांधशील?" त्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.

निघाले तेव्हा दुपार झाली होती. सारिका चप्पल घालून माझ्यापुढे चालू लागली. वर डोंगराला ढग टेकले होते. वहाळाशी आलो, पाणी सकाळएवढंच दिसत होतं, मी पाय पुढे टाकला. तिने मला मागे ओढलं. "थांब." ती उकिडवी बसली आणि पाण्याकडे बघत राहिली. मला काहीच वेगळं दिसत नव्हतं. "हिरवी पानं येतायत," ती म्हणाली. "वाळकी आली तर काय नाय. हिरवी म्हणजे वर झोडपतोय. आई असंच बघायची." आम्ही थांबलो. पाणी चढलं, लाल झालं, मघाशी मी पाय टाकणार होते तो दगड दिसेनासा झाला. तासभर तरी आम्ही तिथे बसलो असू. मी घड्याळ पाहिलं नाही. भीतीने माझे दात वाजत होते. तिने ते ऐकलं असणार, पण माझ्याकडे वळून बघितलं नाही. तेवढी दया तिने केली.

पाणी उतरल्यावर ती उठली. मी हात पुढे केला, तो तिने धरला नाही. माझं मनगट धरलं. ओला हात सुटतो, मनगट सुटत नाही… कमल शाळेच्या वाटेवर मला असंच धरायची, दुखेपर्यंत घट्ट, हे मी विसरूनच गेले होते. सारिकाने मला पलीकडे नेलं, काठावर उभं केलं, आणि परत फिरली. तिने मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तिने फक्त मला पार नेलं. घरी येऊन बघितलं तर मनगटावर तिच्या चारही बोटांचे वळ होते. दोन दिवस ते राहिले, आणि दोन दिवस मी त्या हाताने काही लिहिलं नाही.