नॉर्वेच्या कोळ्याची बायको

काल मागचं दार उघडं टाकून सुके बोंबील भाजले आणि त्या वासाने मालती आठवली. माझी बायको. ती नर्स, मी त्याच हॉस्पिटलातला चौथी शिकलेला पोर्टर. मी बोंबील भाजायचो आणि ती ओट्याला टेकून लायब्ररीतलं इंग्रजी पुस्तक मला मराठीत सांगायची. नॉर्वेचा कोणी लेखक होता. गरिबांचं जगणं आहे तसं लिहायचा, गोड करायचा नाही, म्हणून तिला आवडायचा.

त्या दुपारी गोष्टीतल्या कोळ्याची बायको आजारी पडली होती. आठवड्यापूर्वीच मालतीच्या गाठीचा रिपोर्ट आला होता, चांगला नव्हता. मी चिमटा धरून विचारलं, "मरते काय गं?"

तिने पान उलटलं. "छे! उठते, चूल पेटवते, नवऱ्यावर ओरडते. अहो, बोंबील जळले बघा!"

मी हसलो. त्या रात्री झोप लागली मला.

मालती गेल्यावर नातीकडून तेच पुस्तक वाचून घेतलं. नात थांबली. "आबा, सॉरी, पण ती मरते."

माझ्यासाठी खोटं बोललीस, मालती. खरं सांगितलं असतंस, तर दोघं मिळून रडलो असतो. आता एकट्याला जमत नाही.