हिरड्या उतरल्या

दात दाखवायला आलेल्या माणसाच्या दंडाला मी पट्टा बांधला की उमरग्यात अजूनही लोक नवल करतात. "दुखतंय दाढंत, अन् बीपी कशाला बघता?" मी बघतेच.

जवळच्या खेड्यातल्या एक मावशी नवऱ्यासोबत आल्या. तोंडावर पदर. गावातल्या विहारात वंदना त्याच सांगायच्या, बाकीच्या बाया त्यांच्यामागून म्हणायच्या. वर्षभर त्यांनी ते सोडलं होतं, असं काका म्हणाले. पदर काढला तेव्हा कारण दिसलं. हिरड्या फुगून अर्ध्या दातांवर चढल्या होत्या.

रोज कोणत्या गोळ्या घेता, म्हणून मी त्या बघायला मागितल्या. त्यात बीपीची एक गोळी होती, ती काहीजणांच्या हिरड्या वाढवते. त्यांच्या डॉक्टरांना मी तिथूनच फोन लावला. त्यांनी गोळी बदलून दिली.

"मावशी, जुनी बंद, पण नवी उद्यापासून चालू. एक दिवस खाडा नको."

"व्हय म्याडम. उतरल्या म्हंजे झालं. लई लाज वाटती."

त्या दिवशी प्रेशर आटोक्यात होतं, म्हणून दात साफ करून दिले.

पुढच्या तारखेला त्या आल्या नाहीत. फोन केला, तर आवाज खुशीत होता. "उतरायल्यात की!"

"आणि गोळी?"

"चालूय, चालूय."

काही महिन्यांनी काका एकटेच आले. खुर्चीत बसले नाहीत, उभ्यानंच म्हणाले, "उजव्या अंगावरून वारं गेलं तिच्या. वाचा बी गेली." नव्या गोळ्यांची पाकिटं डब्यात तशीच सापडली होती. "सुनंला म्हणली व्हती, ही बी बीपीचीच हाय, हिनं बी हिरड्या वाढल्या तर? मला बोलली न्हाय." मग अडखळत म्हणाले, "घास गालात अडकून ऱ्हातो. वास येतो. काय करावं?"

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. मावशी बाजेवर टेकून बसल्या होत्या. मी ओठ वर उचलला. हिरड्या गुलाबी, घट्ट, जागच्या जागी. इतक्या चांगल्या हिरड्या मी कमी पाहिल्यात. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. काहीतरी सांगणं भाग होतं.

"उतरल्या, मावशी."

त्यांनी डाव्या हातानं चाचपून पदर घेतला आणि वाकडं झालेलं तोंड झाकलं.

बोटाला ओलं फडकं गुंडाळून गालाच्या आतून कसं फिरवायचं, ते मी काकांना दाखवलं. त्यांनी करून बघितलं. निघताना मी त्यांचंही प्रेशर मोजलं. फार वाढलेलं होतं.

"काका, तुम्हालाही गोळी लागणार. उद्याच डॉक्टरांकडं जा."

त्यांनी दंडावरचा पट्टा स्वतःच सोडला. "सून रोजानं कामाला जाती," ते म्हणाले. "हिला एकटीला सोडून कसं जाऊ?"

ते पुन्हा फडकं भिजवायला गेले.